चेंडू चालला, पेला चालला नाही

स्मरणिकेसाठी लेख हवा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा त्यांच्या मनात मधुमेह किंवा सांधेदुखी यांपैकी एखादा विषय असणार, हे मी ओळखून होतो. आजवर मी तेच लिहीत आलो आणि सुज्ञ वाचकांनीही ते सोशिकपणे वाचले. या खेपेला मात्र सर्वांची क्षमा मागून एका फिरकी गोलंदाजाविषयी लिहीत आहे. विषय वैद्यकीय नाही असे प्रथमदर्शनी वाटेल. शेवटपर्यंत वाचूनही तसेच वाटले, तर दोष माझ्या लेखणीचा समजावा.

निमित्त घडले ते थंडीतल्या आपल्या सामन्याचे. पांढुर्णा आणि सौसर येथील डॉक्टर मंडळींचा हा मैत्रीपूर्ण सामना २०२३ साली दोन्ही तहसिलींचा मिळून एक जिल्हा झाल्यावरही तितक्याच वैरभावाने खेळला जातो, हे आपण जाणताच. माझ्या गुडघ्यांनी पंचगिरीलाही नकार दिल्यापासून मी मंडपात बसून धावफलक लिहितो. दुपारी भाकरी, भरली वांगी आणि शेवटी संत्री अशी पंगत बसली असताना तरुण मंडळींत वाद जुंपला की सर्वश्रेष्ठ फिरकी गोलंदाज कोण. एकाने शेन वॉर्नचे ७०८ बळी मांडले, दुसऱ्याने मुरलीधरनचे ८००. कुंबळेच्या ६१९ बळींचा कैवार घेणारे पन्नाशीचे, तर अश्विनच्या ५३७ बळींचा कैवार घेणारे तिशीचे, अशी सरळ वाटणी झाली. मला विचारले गेले ते केवळ वयाचा मान म्हणून. मी म्हणालो, ‘‘पालवणकर बाळू.’’

क्षणभर शांतता पसरली. मग एका तरुण शल्यचिकित्सकाने अगदी निर्मळपणे विचारले, ‘‘सर, कोण बाळू?’’

त्याचा दोष नाही. मी स्वतःही बाळूंचे नाव तेवढे ऐकून होतो. त्यांचे आयुष्य नीट कळले ते वयाची पन्नाशी उलटल्यावर, रामचंद्र गुहा यांचा ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड’ हा २००२ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ हाती आला तेव्हा. एका मराठी माणसाची, तीही मराठी मुलखातच घडलेली कहाणी इंग्रजी पुस्तकातून कळावी, याची लाज वाटली. पुढे मला याहून अधिक लाज वाटण्याजोगे एक कारण सापडले, त्याविषयी यथावकाश.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला, चर्मकार समाजातल्या कुटुंबात झाला. वडिलांची नोकरी लष्कराच्या आश्रयाची असल्यामुळे मुले पुण्यात छावणीच्या वातावरणात वाढली आणि साहेबांनी टाकून दिलेल्या चेंडूफळ्यांवर खेळ शिकली. बाळूंची पहिली नोकरी पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात, महिना तीन रुपये. काम खेळपट्टी झाडण्याचे आणि रोलर ओढण्याचे. सवड मिळाली तर सभासदांना सरावासाठी चेंडू टाकण्याचे. पुढे ते युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर लागले. जाळी लावा, खेळपट्टी आखा, टेनिसच्या मैदानाची देखभाल करा, आणि मग साहेबांना गोलंदाजी करा. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नामांकित फलंदाज. तो इतरांच्या आधी येऊन एकट्या बाळूंकडून सराव करून घेई आणि स्वतः बाद झाला की दर खेपेस आठ आणे बक्षीस देई, असे सांगतात. ही आख्यायिका असली तरी तिच्यातले प्रमाण बोलके आहे. महिन्याचा पगार चार रुपये, म्हणजे साहेबाला आठ वेळा बाद केले की महिना निघाला. मात्र त्या जाळीत वर्षानुवर्षे शेकडो तास चेंडू टाकणाऱ्या या माणसाच्या हाती कोणी एकदाही बॅट दिली नाही. फलंदाजी हे साहेबांचे काम होते.

बाळू डावखुरे होते आणि संथ गतीची, बोटांची फिरकी टाकत. क्रिकेट न पाहणाऱ्या वाचकांसाठी (आमच्या घरात असे वाचक बहुसंख्य आहेत) थोडे सविस्तर सांगतो. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाकडे असा चेंडू आत येतो आहे असे वाटत असते. टप्पा पडला की तो बाहेर वळतो. तर्जनी शिवणीवर ओढली जाते, दाराची मूठ फिरवावी तसा पुढचा हात वळतो आणि चेंडू सुटतो. एवढ्या क्रियेत स्नायूंचे आणि कंडरांचे किती काटेकोर काम चालते, हे येथे बसलेल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी सांगावे. परंतु वळण ही या कलेतली सर्वांत सोपी गोष्ट होय. अवघड आहे ते त्याच ठिकाणी, तेवढ्याच उंचीवरून, दिवसभर चेंडू टाकत राहणे, आणि मधूनच एक चेंडू मुळीच न वळवणे. आपल्या भागातल्या पोरांना हे शिकायला चामड्याचा चेंडू लागत नाही. बहार गळायला लागला की झाडाखाली हिरव्या, कडक संत्र्यांचा सडा पडतो. सौसरजवळच्या आमच्या वावरात मी लहानपणी त्या संत्र्यांनीच फिरकी टाकत असे. संत्रे वळे छान, पण टप्पा दोनदा एके जागी पडला तर शपथ. बाळूंचे नियंत्रण असे होते, की त्यांना हिंदुस्थानचे ‘ऱ्होड्स’ म्हणत. विल्फ्रेड ऱ्होड्स हा त्या काळच्या इंग्लंडचा थोर डावखुरा फिरकी गोलंदाज. चार रुपयांच्या नोकरीने त्यांना दुसरे काही दिले नसेल, पण हे नियंत्रण निश्चित दिले.

पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते, आणि हरवू शकेल असा गोलंदाज साहेबांच्याच मैदानावर रोलर ओढत होता. बाळूंना घ्यावे की न घ्यावे, यावर सभासदांत दोन तट पडले. अखेर घेतले. का घेतले, याविषयी आपण उगाच गहिवरू नये. जिंकायचे होते म्हणून घेतले.

आणि मग तो प्रसिद्ध चहा. खेळाच्या मधल्या सुट्टीत बाकीचे खेळाडू आत, तंबूत, चिनी मातीच्या कपांतून चहा घेत. बाळूंना तो बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात मिळे. जेवणाचे ताट वेगळे, जागा वेगळी, तोंड धुवायला पाणी द्यायचे तर तेही कोणी अस्पृश्य नोकरानेच. सुट्टी संपली की पुन्हा सगळे मैदानात. आता त्या चेंडूचा विचार करा. बाळू तो बोटांत धरत, तळहातावर घासत, घामाने ओला करत. त्यांनी टाकलेला चेंडू यष्टिरक्षक दोन्ही हातांनी झेलत असे, मग तो स्लिपमधल्या शास्त्रीबुवांकडे, तिथून मिड-ऑफच्या जोशीबुवांकडे आणि पुन्हा बाळूंकडे. दिवसातून शेकडो वेळा तो चेंडू सर्वांच्या हातांतून फिरे. कोणाला विटाळ झाला नाही. चेंडू चालत होता. पेला चालत नव्हता. (शास्त्री आणि जोशी ही नावे माझी, केवळ उदाहरणादाखल, त्या आडनावांच्या मित्रांनी रागावू नये.)

पुण्याच्या संघाला बाळूंनी विजय मिळवून दिल्यावर न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांना हार घातला, पुढे लोकमान्य टिळकांनीही जाहीर सभेत गौरव केला, असे वृत्तान्त आहेत. हार घालताना अडचण नव्हती. हार गळ्यात पडतो आणि आपण बाजूला होतो.

१८९६ साली पुण्यात प्लेगची साथ शिरली आणि बाळूंचे कुटुंब मुंबईस गेले. तेथे त्यांना रेल्वेत नोकरी मिळाली, तिच्या संघात ते खेळू लागले आणि काही सभासदांचा विरोध असतानाही हिंदू जिमखान्याच्या संघात आले. त्यानंतरचा इतिहास म्हणजे आपल्या क्रिकेटचे पहिले मोठे प्रकरणच होय. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू आणि युरोपियन यांच्यात मुंबईत सामना झाला. हिंदूंनी तो शंभरहून अधिक धावांनी जिंकला, आणि राज्यकर्त्यांच्या दोन्ही डावांत मिळून आठ बळी घेतले ते बाळूंनी. वंगभंगाची चळवळ ऐन भरात असताना आणि आदल्याच वर्षी जपानने रशियाला नमवले असताना हा विजय किती गाजला असेल, याची कल्पना करावी. त्या संघात बाळूंचे बंधू शिवरामही होते. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या सुधारकी पत्राने तर असा अभिप्राय दिला, की या बंधूंना हिंदू संघात मिळालेल्या प्रवेशाने तरुण हिंदूंची मने जेवढी उदार केली, तेवढी अन्य क्षेत्रांतल्या प्रयत्नांनी केली नाहीत. या अभिप्रायाकडे मला पुन्हा यावे लागणार आहे.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ सपाटून हरला. तेवीस सामन्यांपैकी जिंकले सहा. महाराजांना मैदानापेक्षा मेजवान्यांत अधिक रस होता. अशा संघातून, वयाच्या पस्तिशीत, परक्या हवेत आणि परक्या खेळपट्ट्यांवर बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी घेतले. त्यांपैकी प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले ७५. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत आठ. संपूर्ण कारकिर्दीत प्रथम श्रेणीचे अवघे ३३ सामने त्यांना मिळाले. बळी १७९, सरासरी १५.२१. भारत पहिला कसोटी सामना १९३२ साली खेळला तेव्हा बाळू छप्पन्न वर्षांचे होते. वॉर्न आणि मुरलीधरनच्या बळींशी तुलना करताना एवढे भान ठेवले म्हणजे पुरे.

इंग्लंडहून परतल्यावर मुंबईत त्यांचा सत्कार झाला. मानपत्र तयार करण्यात भीमराव आंबेडकर नावाच्या तरुण विद्यार्थ्याचा हात होता, असे सांगतात. त्या पिढीच्या अस्पृश्य तरुणांना बाळू म्हणजे काय वाटत असतील, हे आपल्यासारख्यांनी समजावून सांगू नये.

एवढे कर्तृत्व असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना मिळाले नाही. एम. डी. पै यांनी स्वतः कर्णधार झाल्यावर जाहीरपणे म्हटले, की हा मान बाळूंचा होता. १९२० साली बाळूंना संघातूनच वगळले गेले तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या धाकट्या भावांनी निषेध म्हणून खेळण्यास नकार दिला. प्रकरण चिघळले, अखेर पुढच्या सामन्यासाठी बाळू परत आले, तेही उपकर्णधार म्हणून, आणि कर्णधार काही वेळ मैदानाबाहेर गेल्यामुळे तेवढ्यापुरते त्यांना संघाचे नेतृत्व करता आले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. विठ्ठल यांनी १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. ते आज सहजासहजी मिळत नाही.

यापुढचा भाग लिहिताना मी थोडा बिचकतो, कारण आपल्या भागात तो अनेकांच्या जिव्हाळ्याचा आहे. १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर गांधीजींनी उपोषण आरंभले तेव्हा बाळूंनी तडजोडीच्या बाजूने शब्द टाकला आणि पुणे करारावर सहीही केली. १९३७ च्या निवडणुकीत तर काँग्रेसने त्यांना थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. डॉ. आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. सौसर परिसरातले माझे एक स्नेही, निवृत्त शिक्षक आणि निष्ठावंत आंबेडकरवादी, या एका कारणासाठी बाळूंचे नावही घेत नाहीत. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. त्यांची आजी ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला दीक्षेसाठी बैलगाडीने गेली होती. ती वाट माझ्या कोणाही पूर्वजाने चाललेली नाही. बाळूंचा मृत्यू ४ जुलै १९५५ चा, म्हणजे त्या सोहळ्याच्या पंधरा महिने आधीचा. काँग्रेसची आणि गांधीजींची बाजू घेताना त्यांची समजूत कोणती होती, हे मला एवढेच दिसते: ज्यांनी मातीचे भांडे हाती दिले, तेच उद्या चिनी मातीचा कप देतील, अशी आशा त्या माणसाने आयुष्यभर सोडली नाही. डॉ. आंबेडकरांनी ती सोडली. दोघांपैकी कोणाचे निदान बरोबर ठरले, हे विचारले तर माझे मत डॉ. आंबेडकरांना आहे. परंतु आशा बाळगणाऱ्यावर राग धरण्याचा अधिकार ज्यांच्या हातून ती आशा फसली त्यांना नाही, आणि त्यांत मी येतो.

आता त्या सुधारकी पत्राच्या अभिप्रायाकडे वळतो. खेळाने मने उदार होतात, गुणवत्तेपुढे भिंती कोसळतात, हे वाक्य आपण बाळूंच्या संदर्भात नेहमी ऐकतो. मला ते पटत नाही. भिंत कोसळली नाही. तिला चेंडूच्या आकाराचे एक भोक पडले. त्या भोकातून बाळूंचे कौशल्य आत आले आणि बाळू बाहेर राहिले. संघाला त्यांची बोटे हवी होती, आणि बोटांना माणूस जोडलेला असतो ही सर्वांची अडचण होती. पुढे हळूहळू काही खेळाडूंनी त्यांच्यासोबत जेवायला सुरुवात केली, काहींनी मनापासून केली, हे खरेच आहे. पण ते घडले ते माणसांनी तसे ठरवले म्हणून. चेंडू वळला म्हणून आपोआप घडले असते, तर पुण्याच्या पहिल्याच सामन्यात घडले असते.

येथे कोणी म्हणेल, की हा शंभर वर्षांपूर्वीचा विषय. डॉक्टरांच्या स्मरणिकेत कशाला? आपल्या व्यवसायाला तर जात नाही. हे वाक्य मी स्वतः अनेक व्यासपीठांवरून म्हटले आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार सुरू होते आणि दुपारपासून फुटलेली डोकी येऊ लागतात. (एके वर्षी प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू पुरवून पाहिले होते. मंडळींनी दगडच पसंत केले. पांढुर्ण्याला चांगले गोलंदाज का झाले नाहीत, याचे उत्तर यात असावे.) त्या दिवशी पांढुर्ण्याचे डोके कोणते आणि सावरगावचे कोणते हेही आपण विचारत नाही, मग जात कशी विचारणार? रक्त पुसायचे, टाके घालायचे, पुढचा रुग्ण. आपण सर्वांना स्पर्श करतो. नाडी पाहतो, पोट चाचपतो, बाळंतपणात कोपरापर्यंत हात रक्ताने माखतात. हे सारे खरे आहे, आणि तो चेंडू आहे. मी पेल्याविषयी विचारतो आहे.

१९७६ च्या पावसाळ्यातली गोष्ट. नागपूरहून शिकून येऊन मला जेमतेम दोन वर्षे झाली होती. सौसर तहसिलीतल्या एका गावाहून रात्री निरोप आला. गावाबाहेरच्या वस्तीतले चार वर्षांचे पोर, जुलाब आणि उलट्या, डोळे खोल गेलेले, शीर सापडेना. अखेर सापडली. सलाइनची काचेची बाटली टांगायला खिळा नव्हता, म्हणून त्या पोराचा थोरला भाऊ, असेल चौदा-पंधरा वर्षांचा, रात्रभर ती हातात उंच धरून उभा राहिला. मी मधून मधून म्हणत होतो, हात बदल. पहाटे पोराने लघवी केली. आयाबाया रडू लागल्या आणि मला माझ्या पदवीचा प्रथमच खरा अभिमान वाटला.

मग त्या माउलीने चहा आणला. घासून लखलखीत केलेला पितळी पेला होता. मी म्हणालो, ‘‘नको बाई, मी चहा घेत नाही.’’

तासाभराने त्याच गावात पाटलांच्या ओसरीवर बसून मी चहा घेतला. दोन कप. गाव लहान होते. मी ओसरीवर बसलेला रस्त्यावरून दिसत होतो. तो थोरला मुलगा माझी औषधांची पेटी पाठीवर घेऊन पाटलांच्या फाटकाशी उभा होता.

त्या वेळी माझ्या मनात जातीचा विचार आला होता का? प्रामाणिकपणे सांगतो, आला नव्हता. विचार करण्याची गरजच पडली नाही. हात आपोआप मागे आला. मी कोणाला हीन लेखत नव्हतो, मी रात्रभर त्या पोराला मांडीवर धरून बसलो होतो, आणि तरीही. रोगाचे जंतू, पाण्याची शुद्धता अशी कारणे मी पुढे स्वतःला दिली. उकळलेल्या चहात कोणते जंतू उरतात, हे मला चांगले ठाऊक होते.

पुढे १९८१ च्या सुमारास आमच्या मंडळींच्या सामन्यात एक खेळाडू कमी पडला, तेव्हा कोणीतरी त्याच मुलाला घेऊन आले. आता तो सौसरला मजुरीला येत असे. त्याने डाव्या हाताने फिरकी टाकली आणि सहा जणांना बाद केले. आम्ही पाठी थोपटल्या, हस्तांदोलने केली. जेवणाच्या वेळी तो लिंबाखाली आपला डबा उघडून बसला. त्याला कोणी दूर बसवले नव्हते. जवळही कोणी बोलावले नव्हते. मी पंगतीत होतो आणि मला तो दिसत होता. त्यानंतर तो पुन्हा खेळायला आला नाही, आणि आम्ही म्हणालो, पोराकडे सातत्य नाही.

पुणे क्लबाच्या त्या तंबूत बसलेल्या मंडळींविषयी मी वर जे उपरोधाने लिहिले, ते हे सांगितल्याशिवाय लिहिण्याचा मला अधिकार नव्हता.

बाळूंचा वारसा कोणता, असे कोणी विचारले तर क्रिकेटच्या अंगाने उत्तर सोपे आहे. बापू नाडकर्णींनी १९६४ साली मद्रासला सलग २१ निर्धाव षटके टाकली, ती हीच डावखुरी शिस्त. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा एकनाथ सोलकर भारतासाठी खेळला, आणि तोही डावखुराच. पद्माकर शिवलकर ५८९ बळी घेऊनही कसोटीविना राहिले आणि मार्च २०२५ मध्ये निवर्तले. त्यांच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा. दुसरा वारसा मात्र धावफलकात नाही. आपल्या सामन्याच्या पंगतीत आज कोण कोणाशेजारी बसते, आपल्या दवाखान्यातल्या सफाई करणाऱ्या बाईंचा कप कपाटात कुठल्या कप्प्यात असतो, गावातल्या रुग्णाच्या घरी पुढे केलेला पेला आपण कोणकोणत्या सबबीवर नाकारतो, तिथे तो शोधावा लागेल. मी आमच्या दवाखान्यातले कपाट उघडून पाहिले. एक कप वेगळा होता. तो तसा कोणी ठेवला, हे कोणालाच सांगता आले नाही.

‘‘कोण बाळू?’’ या प्रश्नानंतर दोन आठवड्यांनी मी त्या गावी गेलो. बाटली धरून उभा राहिलेला मुलगा आता साठी ओलांडून गेला आहे. त्याने मला ओळखले. मी त्याला ओळखले ते त्याने डाव्या हाताने खाट पुढे ओढली तेव्हा. ज्याला सलाइन लावली होती तो धाकटा भाऊ कामावर गेला होता. सून चहा टाकते म्हणाली. मी होय म्हणालो. तेवढ्यात नातू पळत बाहेर गेला आणि कागदात गुंडाळलेली नवी कोरी कपबशी घेऊन आला, शेजारून किंवा दुकानातून, कोण जाणे. चहा आला. घरच्या सर्वांच्या हाती स्टीलचे पेले होते आणि माझ्यापुढे निळ्या फुलांची ती कपबशी.

मी स्टीलचा पेला मागितला. त्याने माझ्याकडे थोडा वेळ पाहिले, मग आपल्या हातातला पेला मला दिला आणि कपबशी स्वतःकडे ओढली. चहा फार गोड होता. साखर चालत नाही हे सांगायचे माझ्याकडून राहून गेले.